जोड कुठे आहे, ते मुलांना दाखवा



इथल्या मराठी शाळांमधल्या मुलांच्या वाचनाबद्दल आपण नेहमी बोलतो. तक्रार साधारण एकच असते. मुलांना अक्षरं येतात, काना-मात्रा येतात, जोडाक्षरंही हळूहळू येतात, पण वाचन काही मराठीसारखं वाटत नाही. मूल "रा-ज-वा-डा" असं चारही अक्षरं सुटी सुटी, पूर्ण उच्चारून वाचतं आणि ऐकणाऱ्याला हसू येतं. यावर नेहमीची उत्तरं म्हणजे "सराव कमी पडतो", "घरी मराठी बोला", "आजी-आजोबांशी फोनवर बोलू द्या". ही सगळी खरी आहेत. पण माझ्या मते मूळ अडचण वेगळी आहे, आणि ती सोडवता येण्यासारखी आहे. मुलं अक्षरांवर अडत नाहीत, ती जोडावर अडतात. "राज" संपून "वाडा" कुठे सुरू होतो हे त्यांना कोणी सांगत नाही, आणि आपलं छापील पुस्तकही सांगत नाही.

मी भाषातज्ज्ञ नाही. पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. पण अमेरिकेत येण्याआधी दोन वर्षं प्रोजेक्टच्या निमित्ताने हॉलंडमध्ये होतो आणि तिथे जेमतेम कामापुरती डच शिकलो. मराठीतली ही गोष्ट मला नीट दिसली ती डचमुळे. म्हणून आधी थोडं डचबद्दल सांगतो, कंटाळू नका.

डच लोक आपल्यासारखेच सामासिक शब्द सलग लिहितात. इंग्रजीत दोन शब्दांमध्ये बऱ्याचदा मोकळी जागा असते, डचमध्ये ती नसते. तीन-चार शब्द एकापुढे एक चिकटवले तरी त्यांना काही वाटत नाही. त्यामुळे गमती होतात. "वाल्कौल" असा एक शब्द आहे. "वाल" आणि "कौल" असा तोडला तर अर्थ होतो सापळ्याचा खड्डा. "वाल्क" आणि "औल" असा तोडला तर ससाणा आणि घुबड! दुसरा एक शब्द आहे, त्याचं स्पेलिंग एकच, पण "मसाज-बेड" असा तोडला की मालिशचा पलंग आणि "मासा-खबेट" असा तोडला की सामुदायिक प्रार्थना. तिसरा, "क्वार्ट-स्लाखन" म्हणजे पाव पाव फेरे आणि "क्वार्ट्स-लाखन" म्हणजे क्वार्ट्झ दगडाचे थर. ही उदाहरणं तिथले लोक स्वतःच हसत हसत सांगतात.

मग त्यांची मुलं वाचायला कशी शिकतात? दोन गोष्टी आहेत. पहिली म्हणजे अवयव, इंग्रजीत ज्याला सिलॅबल म्हणतात ते, शाळेत अगदी लहानपणी टाळ्या वाजवून शिकवतात. एक अवयव, एक टाळी. त्यांच्या स्पेलिंगचे नियमच मुळात अवयव कुठे संपतो यावर उभे आहेत. स्वर एकदा लिहायचा की दोनदा, व्यंजन एकेरी की दुहेरी, हे सगळं त्यावरून ठरतं. म्हणजे तोडता आलं नाही तर लिहिताही येत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे आघात, बोलताना दिलेला जोर. डच सामासिक शब्दात मुख्य जोर साधारणपणे पहिल्या पदावर पडतो. अपवाद आहेत, उदाहरणार्थ "स्टाटहौस", म्हणजे नगर-भवन, यात जोर दुसऱ्या पदावर आहे. पण नियम बहुतेक वेळा चालतो. आणि जोराने अर्थही बदलतो. "वोरकोमन" हे क्रियापद पहिल्या अवयवावर जोर देऊन म्हटलं तर "घडणे, आढळणे", आणि मधल्यावर जोर देऊन म्हटलं तर "टाळणे, होऊ न देणे". घडणे आणि होऊ न देणे! लिखाणात घोटाळा होईल असं वाटलं तर ते सरळ त्या स्वरावर एक तिरकी रेघ मारतात. एरवी मारत नाहीत. गरज असेल तिथे खूण करायची आणि गरज संपली की काढून टाकायची, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता मराठीकडे येऊ.

मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. मग जोड कळतो कशावरून? माझं म्हणणं असं की डचमध्ये जे काम आघात करतो, ते मराठीत "अ" करतो. म्हणजे नेमकं सांगायचं तर "अ" चं गप्प बसणं करतं. आपण "राजवाडा" लिहितो, "राज्‌वाडा" म्हणतो. "रामफळ" लिहितो, "राम्‌फळ्" म्हणतो. "पोळपाट", "आगगाडी", "कामगार", सगळीकडे हेच. देवनागरीत प्रत्येक सुट्या व्यंजनात अ गृहीत धरलेला आहे. तो कुठे म्हणायचा आणि कुठे गिळायचा हे लिपी सांगत नाही. संस्कृतात हा प्रश्न नाही, तिथे लिहिलेला प्रत्येक अ म्हणायचा असतो. मराठीने लिपी तीच ठेवली, उच्चार बदलला.

अ कुठे गिळायचा याचा एक ढोबळ नियम आहे. हिंदीसाठी मंजरी ओहाला यांनी १९८३ साली त्यांच्या हिंदीच्या ध्वनिव्यवस्थेवरच्या पुस्तकात तो तपशिलात मांडला आहे. मराठीलाही तो बऱ्यापैकी लागू पडतो. शब्दाच्या शेवटी अ असेल तर गिळा. मग उजवीकडून डावीकडे या. एखाद्या व्यंजनाच्या आधी स्वर आहे आणि त्याच्या नंतर स्वरासकट एक व्यंजन आहे, तर मधल्या व्यंजनातला अ गिळा. बस्. "जनगणना" घ्या. उजवीकडून येताना "ण" मधला अ जातो, "ग" मधला राहतो, "न" मधला जातो. उत्तर "जन्‌गण्‌ना". अगदी बरोबर. "नगरसेवक" घ्या, "नगर्‌सेवक्" मिळतं. तेही बरोबर. एका संध्याकाळी मी हा नियम पाच-पन्नास ओळींच्या प्रोग्रॅममध्ये बसवला आणि शब्द टाकत गेलो. बराच वेळ मजा आली.

मग "उपनगर" टाकला. उत्तर आलं, "उपन्‌गर्".

"राजकमल" चं झालं "राजक्‌मल्". "जलतरण" चं झालं "जलत्‌रण्". "कमलनयन" चं "कम्‌लन्‌यन्". आणि या सगळ्यांवर कडी म्हणजे "रसमलाई" चं झालं "रसम्‌-लाई", म्हणजे मद्रासी रसम आणि पंजाबी क्रियापद! डच लोकांच्या ससाणा-घुबडाला आपलं हे उत्तर :-)

आता या चुकलेल्या शब्दांकडे नीट पाहा. सगळे सामासिक आहेत. आणि प्रत्येकात दुसरं पद साध्या अ-युक्त व्यंजनाने सुरू होतं. "नगर" मधला न, "कमल" मधला क, "तरण" मधला त, "मलाई" मधला म. नियम बिचारा आंधळा आहे. त्याला वाटतं "न" शब्दाच्या मध्ये आहे, म्हणून तो त्यातला अ खातो. आपल्याला माहीत असतं की तो न एका पदाचा पहिला आहे, आणि पदाच्या पहिल्या व्यंजनातला अ मराठी माणूस कधी खात नाही. नियम बदलायची गरज नाही. शब्द आधी जोडावर तोडा, "उप" आणि "नगर", आणि मग तोच नियम दोन्ही तुकड्यांना वेगवेगळा लावा. "उप्", "नगर्". झालं काम. वरचे सगळे शब्द एका फटक्यात सुधारतात. नियमाला इतरही अपवाद आहेत, पण मोठा वाटा जोडाचा आहे.

यातलं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण म्हणजे "देवघर". नुसतं "देवघर" नियमाने बरोबर येतं, "देव्‌घर्". पण "देवघरात" म्हटलं की नियम "देवघ्‌रात्" असं उत्तर देतो. एक प्रत्यय लागला आणि सगळं बिघडलं. आणि मराठीत प्रत्यय नाही असं वाक्य किती मिळणार? "स्वयंपाकघरात", "माजघरात", सगळीकडे हाच प्रकार. उलट बाजूचं उदाहरण म्हणजे "अनमोल" आणि "अनपेक्षित". दोन्हींच्या सुरुवातीला दिसायला सारखंच "अन" आहे. पण "अन्‌मोल" मध्ये अ गप्प आहे आणि "अनपेक्षित" मध्ये तो ऐकू येतो. कारण तो अ मुळात "अपेक्षित" चा आहे. अन् अधिक अपेक्षित. मोठ्या माणसाला हे नियम म्हणून माहीत नसतं, पण त्याची जीभ चुकत नाही. कारण त्याने तो शब्द हजार वेळा ऐकलेला असतो.

आणि इथेच आपल्या मुलांचा प्रश्न येतो.

पुण्यातल्या किंवा नांदेडच्या मुलाने "देवघरात" हा शब्द वाचायच्या आधी शेकडो वेळा ऐकलेला असतो. त्याने "दे-व-घ..." एवढं वाचलं की डोक्यातला शब्द पुढे येतो आणि उरलेलं काम करतो. पुस्तकात जे नाही ते कानाने आधीच भरून ठेवलेलं असतं. आपल्या मुलांचं तसं नाही. इंग्रजीत विचार करणारं आठ वर्षांचं मूल आठवड्यातून एकदा, रविवारी सकाळी दीड-दोन तास मराठी वाचतं. त्याच्याकडे काही शब्द ऐकून असतात. पण "रा-ज-वा-डा" असे चार सारख्या वजनाचे आवाज त्याच्या कानावर पडले, तर आजीच्या गोष्टीतला "राज्‌वाडा" त्याला त्यात ओळखूच येत नाही. म्हणजे शब्द माहीत असूनही अर्थ लागत नाही. एक अ जास्त म्हटला ही नुसती उच्चाराची बारीकशी चूक नाही, त्या एका अ मुळे वाचलेलं कळत नाही. आणि न कळणारं कोण किती दिवस वाचेल? वर कोणी हसलं की संपलंच. दहाव्या-अकराव्या वर्षी मुलं मराठी शाळा सोडतात त्याची कारणं पुष्कळ आहेत, सॉकर आहे, गणिताचे क्लासेस आहेत. पण "मला वाचता येतं पण समजत नाही" हेही मी मुलांच्या तोंडून ऐकलं आहे.

गंमत म्हणजे आपण स्वतः इथे रोज याच परीक्षेला बसतो, फक्त उलट बाजूने. "प्रोजेक्ट" हे नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. "प्रेझेंट" चंही तेच. "लॉगिन" नाम असेल तर जोर "लॉग" वर, "लॉग इन करा" म्हणताना "इन" वर. "व्हाइट हाउस" म्हणताना पहिल्या शब्दावर जोर दिला तर राष्ट्राध्यक्षांचं घर, दुसऱ्यावर दिला तर शेजारचं कुठलंही पांढरं घर. आपण भारतीय लोक दोन्ही शब्दांवर सारखा जोर देतो आणि मीटिंगमध्ये समोरचा क्षणभर थांबतो. त्याला आपला "अ‍ॅक्सेंट" अडत नाही, त्याला जोड सापडत नाही.

आणि ते आपल्या नावांचं काय करतात? माधवचा "मॅड-हाव" होतो, मेधाची "मेड-हा", अभयचा "अ‍ॅब-हे". आपण वैतागतो. पण त्या वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. इंग्रजीत "पॉटहोल" मध्ये टी आणि एच शेजारी आहेत, पण ते दोन वेगळ्या शब्दांचे आहेत, म्हणून तो तिथे "थ" म्हणत नाही. "लाइटहाउस", "हॉटहेड", सगळ्यांत तेच. डी आणि एच शेजारी दिसले तर त्याला सवयीने तिथे जोड दिसतो. वर सांगितलेल्या डच "स्टाटहौस" मध्येही डी आणि एच असेच दोन शब्दांचे आहेत. तो मूर्ख नाही, त्याने आपल्या नावात चुकीच्या जागी जोड पाहिला इतकंच. "मा-धव" असं एकदा सांगितलं की बहुतेक लोक नीट म्हणतात. "देश-पांडे", "सहस्र-बुद्धे" असं तोडून सांगितलं की अवघड आडनावंही जमतात. म्हणजे मोठ्या, शिकलेल्या अमेरिकन माणसाला जोड दाखवला की त्याचं काम होतं. मग आपल्याच मुलांना तो दाखवायला आपण का तयार नाही?

माझा प्रस्ताव साधा आहे. मराठी शाळेच्या पहिल्या दोन वर्षांच्या पुस्तकांत सामासिक शब्दांच्या जोडावर एक छोटा मधला ठिपका छापावा. राज·वाडा, देव·घरात, उप·नगर, रस·मलाई. तिसऱ्या वर्षापासून ठिपका काढून टाकावा. शिक्षकांनी मुलांना एवढंच सांगायचं की ठिपक्याच्या आधीचं अक्षर पाय मोडल्यासारखं म्हणायचं आणि ठिपक्यानंतर नवीन शब्द सुरू झाल्यासारखं म्हणायचं. जोडाक्षर असेल तर मात्र अ थोडा ऐकू येतो, मित्र·मंडळ, हे दोन-चार उदाहरणांत मुलांना कळतं.

आमच्या गावच्या मराठी शाळेत यंदा पहिलीचं पुस्तक नव्याने छापायचं आहे, म्हणून मी हे समितीपुढे मांडलं. तिथे आलेले आक्षेप आणि माझी उत्तरं इथे देतो, कारण तुमच्याकडेही हेच आक्षेप येतील.

पहिला आक्षेप, "यापेक्षा सरळ पाय मोडून राज्‌वाडा असंच छापा". हे मला मान्य नाही. पाय मोडणं हा शुद्धलेखनाचा भाग आहे. मूल तसंच लिहायला शिकेल आणि पुढे खरं मराठी पुस्तक हातात आलं की गोंधळेल. ठिपका कुठल्याच मराठी शब्दाचा भाग नाही, त्यामुळे तो काढला की मागे काही राहत नाही.

दुसरा, "मुलांना कुबडीची सवय लागेल". ज्यू लोकांची मुलं इथे आपल्यासारखीच सुट्टीच्या दिवशी हिब्रू शिकायला जातात. हिब्रूत तर बहुतेक स्वर लिहीतच नाहीत. म्हणून मुलांच्या पुस्तकांत आणि प्रार्थनेच्या पुस्तकांत अक्षरांच्या खाली-वर ठिपके आणि रेघा छापतात, त्यांना निकुद म्हणतात. मोठ्यांच्या वर्तमानपत्रात त्या नसतात. मुलं ठिपक्यांवर शिकतात आणि पुढे ठिपक्यांशिवाय वाचतात. सायकलच्या मागची दोन छोटी चाकं आपण काढतोच की.

तिसरा, "आपण असं शिकलो नाही, आपलं काही अडलं का?" नाही अडलं, कारण आपल्या आजूबाजूला दिवसभर मराठी होती. भाजीवाला, रेडिओ, शाळेची प्रार्थना, भांडणं, सगळं मराठीत. ठिपक्याचं काम ते सगळे मिळून करत होते. इथे ते नाहीत.

चौथा आक्षेप जरा भावनिक होता, "ही आपली परंपरा नाही". उलट आहे. ऋग्वेदाचा पदपाठ शाकल्याच्या नावाने सांगतात. त्यात संहितेतला प्रत्येक शब्द संधी सोडवून वेगळा केलेला आहे आणि सामासिक शब्दांच्या आत जोडावर अवग्रहाची खूण आहे. हजारो वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं की पुढच्या पिढीच्या कानावर सगळं सोडून चालणार नाही, जोड दाखवून ठेवला पाहिजे. त्या मानाने माझा ठिपका फारच गरीब आहे.

पाचवा, "मोबाइलवर ऐकवा, मशीन वाचून दाखवतं". दाखवतं खरं, आणि दहा वर्षांपूर्वीपेक्षा आज कितीतरी चांगलं वाचतं. पण मूल स्वतः वाचायला शिकलं पाहिजे हा हेतू आहे ना? शिवाय मशीनलाही शेवटी जोड कुठून तरी शिकावाच लागतो. इंग्रजीचं उदाहरण आपल्या धंद्यातलं आहे. ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे टेक या प्रोग्रॅमला शिकवण्यासाठी फ्रँक लियांगने स्टॅनफर्डमध्ये डोनाल्ड कनुथच्या हाताखाली १९८३ साली पीएचडी केली. सुमारे साडेचार हजार पॅटर्न काढले, आणि तेही शब्दकोशात आधीच तोडून ठेवलेल्या शब्दांवरून. तरी चौदा शब्दांची अपवादांची यादी वेगळी द्यावी लागली. त्यात "प्रेझेंट" आणि "प्रोजेक्ट" आहेत, कारण नाम की क्रियापद हे कळल्याशिवाय ते कुठे तोडायचे हे ठरत नाही. मेरियम-वेबस्टर उघडा, प्रत्येक शब्द ठिपके देऊन तोडलेला दिसेल. आपल्या घरात असतात त्या मराठी शब्दकोशांत सहसा असं काही नसतं. म्हणून ओळीच्या शेवटी सॉफ्टवेअर मराठी शब्द तोडतं ते अक्षर पाहून, पद पाहून नाही. "राजक-" एका ओळीवर आणि "मल" दुसऱ्या ओळीवर, अशी दृश्यं मंडळाच्या स्मरणिकेत तुम्हीही पाहिली असतील.

जोड दाखवण्याचा आणखी एक फायदा आहे, तो शुद्धलेखनाचा. साहित्य महामंडळाच्या लेखननियमांप्रमाणे "बुद्धी", "भक्ती", "कवी" हे सुटे शब्द दीर्घ लिहायचे, पण समासात पहिलं पद असतील तर मूळ संस्कृतातल्यासारखे ऱ्हस्व. बुद्धिबळ, भक्तिभाव, कविराज. आणि "लक्ष्मी" मुळातच दीर्घ, म्हणून लक्ष्मीपुत्र. हा नियम जोड ओळखता आल्याशिवाय पाळताच येत नाही. बुद्धि·बळ असं दोन वर्षं पाहिलेल्या मुलाला तो वेगळा शिकवावा लागणार नाही. आपण शाळेत तत्पुरुष, द्वंद्व, बहुव्रीहि यांची नावं पाच मार्कांसाठी पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. समास हे वाचायचं हत्यार आहे हे आपल्याला कोणी सांगितलंच नाही.

ठिपक्याची मर्यादाही सांगतो. "सूर्योदय", "विद्यालय" अशा शब्दांत जोड स्वराच्या पोटात असतो, तिथे ठिपका देता येत नाही. देऊ नये. तिथे गिळायचा अ नसतो, त्यामुळे मुलांचं अडतही नाही. आणि जे शब्द सामासिक नाहीत, "हरकत", "मनगट" वगैरे, ते ऐकूनच शिकायचे. सगळ्या रोगांवर हे औषध नाही. पण एका नेमक्या दुखण्यावर आहे.

एक गोष्ट मात्र करू नका, ती म्हणजे मोकळी जागा सोडणं. हल्ली इंग्रजीच्या सवयीने "स्वयंपाक घर", "प्रवेश द्वार", "पाणी पुरवठा" असं सुटं लिहिलेलं सगळीकडे दिसतं. हे वाचायला सोपं आहे असं वाटतं, पण मुलाला तो एक शब्द आहे हे कळत नाही, आणि एकदा लागलेली ही सवय पुढे जात नाही. ठिपका दोन पदं आहेत हेही सांगतो आणि शब्द एकच आहे हेही सांगतो. मोकळी जागा फक्त पहिली अर्धी गोष्ट सांगते.

आमच्या समितीचा निर्णय अजून झालेला नाही. पुढच्या बैठकीत पुस्तक छापायला जाईल. माझा अंदाज, "पुढच्या वर्षी बघू" असं उत्तर येईल. पण शाळेतलं मूल पुढच्या वर्षापर्यंत थांबत नाही, ते पुढच्या वर्षी सॉकरला गेलेलं असतं.

बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ साली स्थापन झालं तेव्हा इथे मुलांनी मराठी टिकवावी असं वाटणारी एक पिढी होती. त्या पिढीची नातवंडं आज वाचायला बसली आहेत. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जा दिला, त्याचे पेढे आपण इथेही वाटले. चांगलं झालं. पण अभिजात भाषेतलं एक साधं गोष्टीचं पुस्तक आपल्या मुलाला कळेल असं वाचता यावं, हे काम दिल्लीहून होणार नाही. ते आपल्याच बेसमेंटमध्ये आणि शाळेच्या वर्गात व्हायचं आहे.

तेव्हा विनंती अशी. तुमच्यापैकी जे मराठी शाळेत शिकवतात त्यांनी पुढच्या रविवारी एक करून पाहावं. एकच उतारा घ्या, त्यात दहा-बारा सामासिक शब्द असू देत. अर्ध्या मुलांना तो नेहमीसारखा द्या, अर्ध्यांना पेनाने ठिपके देऊन द्या. नंतर उतारा कशाबद्दल होता एवढंच विचारा. उच्चार मोजू नका, समजलं का ते मोजा. निकाल काय लागला ते इथे लिहा, माझ्या विरुद्ध गेला तरी लिहा. आणि घरी मुलं वाचताना कुठल्या शब्दावर अडतात ते शब्दही पाठवा. शंभर-दोनशे शब्द जमले की ठिपके देऊन यादी करून मी सगळ्यांना पाठवीन. छपाईचा निर्णय समितीने केव्हाही घ्यावा, पेनाने ठिपका द्यायला कोणाची परवानगी लागत नाही.